टोपावरची रेघ

ओझर,
१४ जून १९९८

चि. सरितास कोंडाजीमामाचे भरपूर आशीर्वाद.

मार्चमध्ये माझे रिटायरमेंटचे घड्याळ तुझ्या आबांच्या दुकानी पाठवले होते. काच अशी ओरखडली होती की वेळ बघायला शेजारी जावे लागे. परत आले ते नव्यासारखे. मी समजलो, आबांनी काच बदलली. तुझी आई फोनवर म्हणाली, नाही, आबांना आता बारीक दिसत नाही, हल्ली काचा सरिताच घासते. ऐकून अभिमान वाटला. शेवटी रक्त आमच्या बाजूचे.

आता मुद्दा. तुला माहीतच आहे की मी अठ्ठावीस वर्षे विमानांच्या कारखान्यात काढली. काही अडले की मोठमोठे साहेब लोक म्हणायचे, "कोंडाजीला बोलवा." अशा माणसाचे हात रिटायर झाल्यावर स्वस्थ बसत नाहीत. म्हणून मी आमच्या कारखान्यात बनायच्या त्या रशियन लढाऊ विमानाचे प्लॅस्टिकचे मॉडेल करायला घेतले आहे. जावईबापूंनी मुंबईहून पेटी आणली. सुटे भाग असतात, ते चिकटवायचे, रंगवायचे. वीतभर लांब. पंख झाले, शेपूट झाली, पायलट खुर्चीत बसला. अडले एकाच ठिकाणी. पायलटच्या डोक्यावर काचेसारखा पारदर्शक टोप असतो, आम्ही त्याला कॅनॉपी म्हणतो. त्याच्या बरोबर मधोमध, पुढून मागे, एक रेघ उठलेली आहे. केसाएवढीच, पण बघणाऱ्याची नजर दुसरीकडे जातच नाही. मी स्वतः काढली असती. परंतु आयुष्यभर खऱ्या विमानात काम केल्याने माझा हात मोठ्या मापाला बसला आहे.

डिसेंबरमध्ये नाशिकला मॉडेल करणाऱ्यांचे प्रदर्शन आहे. परीक्षक मुझफ्फर शेठ. सातपूरला त्यांचे वर्कशॉप आहे, बिल्डर लोकांना इमारतींचे, कारखान्यांचे छोटे नमुने बनवून देतात. त्यांना बारीक हाताची माणसे हवीत. तुझे आबा दिवाळीला दुकान बंद करणार आणि तुझे कुठेतरी जमवणार, असे कानावर आहे. तर तू हा टोप कर. मॉडेलपुढे कार्ड असते, त्यावर माझ्या नावाखाली तुझे नाव लिहीन. 'काचकाम : सरिता.' शेठ वाचतील, नोकरी पक्की. मामाचा शब्द आहे.

तू माणसासमोर तोंड उघडत नाहीस हे ठाऊक आहे. पत्र तरी लिही.

तुझा,
कोंडाजीमामा


नांदगाव,
२२ जून ९८

मामा, मामी, दोघांच्या पाया पडते.

शाळेत पत्राच्या मायन्याचे मार्क माझे कायम जायचे, म्हणून मायना राहू दे. आठवीत बाईंनी कविता म्हणायला उभं केलं. मी उभी राहिले ती तास संपेपर्यंत उभीच. दुसऱ्या दिवशी पण तेच. तिसऱ्या दिवशी गेलेच नाय. गावात मला मुकी म्हणतात. मी मुकी नाय. समोर माणूस आला की शब्द घशात बसकण मारतो, एवढंच. कागद माझ्याकडं बघत नाय, म्हणून त्याच्याशी जमतं.

तुमचं पत्र मी आईला वाचून दाखवलं. "काही अडले की कोंडाजीला बोलवा" तिथं आई म्हणाली, "हो, हाका तर त्याला दिवसभर मारायचे." आणि लय हसली. का हसली ते सांगितलं नाय.

टोप पाठवा. पण आधी तीन गोष्टी.

एक, ती रेघ तिथं कशासाठी हाय? खऱ्या विमानाला असती का? असली तर काढायची कशाला, आणि नसली तर आली कुठून?

दोन, तसा दुसरा टोप तुमच्याकडं हाय का? पहिल्यावर हात बसतो, दुसरा चांगला होतो. घड्याळाची काच बिघडली तर दुसरी मिळते.

तीन, आबांचा नियम. हातातून गेलेल्या प्रत्येक घड्याळाला मागच्या झाकणाच्या आतून सुईनं खूण करायची. गाव, नाव, तारीख. गिऱ्हाईकाला ती कधी दिसत नाय. पण ते घड्याळ उद्या दुसऱ्या कारागिरानं उघडलं तर त्याला कळतं, आधी कोणाचा हात लागलाय. आबा म्हणतात, खूण न करता दिलेलं काम म्हणजे चोरून केलेलं काम. तुमच्या टोपालाही खूण होईल. आधीच सांगून ठेवते.

कार्डावर नाव येणार म्हणाले ते आबांना सांगितलं. आबा म्हणाले, बघू. आमच्या घरात 'बघू' म्हणजे अर्धा होकार असतो. शेठनं बोलावलं तर दुकान बंद झालं तरी चालंल, माझं जमवायचं लांबणीवर टाकतील. म्हणून विचारते, नाव नक्की ना?

सरिता


ओझर,
५ जुलै १९९८

चि. सरिता,

तुझ्या पत्राची सुरुवात वाचली. पुढचे अक्षर फार बारीक आहे, सवडीने वाचीन. नाव नक्की, हे शेवटी दिसले म्हणून सांगतो. नक्की!

रेघेबद्दल विचारलेस ते चांगले केलेस. जिज्ञासा हवी. ती 'सेंटर टेन्शन लाइन' आहे. विमान वेगात जाते तेव्हा हवेचा दाब काचेवर येतो, तो डावीउजवीकडे सारखा वाटून जावा म्हणून ती रेघ. खऱ्या विमानातही असते, पण काचेच्या पोटात, दिसत नाही. मॉडेलवाल्यांनी अज्ञानाने बाहेर काढली आहे. तुझे काम तिला पुन्हा पोटात घालण्याचे. हे सामान्य माणसाला कोणी सांगणार नाही.

टोप सोबत पाठवत आहे. काडेपेटीत कापूस घालून ठेवला आहे. दुसरा टोप नाही. पेटीत एकच येतो. बिघडला तर विमान उघड्या डोक्याने उडेल आणि अठ्ठावीस वर्षांची अब्रू त्याच्याबरोबर.

पद्धत लिहून घे. गोल गोल घासायचे. कडेकडेने सुरुवात करून मधे यायचे. जोर लावायचा. घाबरायचे नाही. आमच्याकडे असेच करत.

मामा


नांदगाव,
२६ जुलै ९८

मामा,

टोप आज काडेपेटीतून परत पाठवला. कापूस काढून टाकला, त्याचे धागे चिकटतात. आतमधे आबांचं मलमलचं फडकं हाय, ते परत पाठवा.

तुमची सेंटर टेन्शन लाइन मी चार दिवस डोक्यात घेऊन फिरले. मग अंघोळीला गेले तर साबणाच्या डबीवर तीच रेघ. कंगव्यावर तीच. पेनाच्या टोपणावर, आईच्या तेलाच्या बाटलीवर, बारक्या भावाच्या शिट्टीवर. म्हटलं, आमचा साबण किती वेगानं उडत असंल, त्यालाबी हवेचा दाब वाटून घ्यावा लागतो! आबांना दाखवलं. ते म्हणाले, प्लॅस्टिक साच्यात ओततात. साचा दोन तुकड्यांचा असतो. दोन तुकडे जिथं भेटतात तिथं रेघ येते. तुमचा टोप खालच्या अंगाला आत वळलाय, मडक्याच्या गळ्यासारखा. साचा एका तुकड्याचा असता तर टोप त्यातून निघालाच नसता. म्हणून मधून उघडणारा साचा, म्हणून मधे रेघ. खऱ्या विमानाला नसणार. मी काय, सामान्य माणूस. तुम्ही साहेबांना विचारून बघा.

गोल गोल, कडेनं सुरुवात करून, जोर लावून घासायचं तुम्ही सांगितलं. तशानं पातेलं लय छान निघतं. टोपाला मी वेगळं केलं.

आधी नवं ब्लेड घेतलं. कापायचं नाय, ब्लेड उभं धरून रेघेवरून फक्त खरडत न्यायचं, एकाच दिशेला. रेघ केसासारखी गुंडाळत निघते. बोटाला लागेनाशी झाली की थांबायचं. मग पाणीपेपर, गाड्यांना रंग मारणारे वापरतात तो. आधी हजारचा, मग दीड हजार, मग दोन हजार, कायम ओला. आणि इथं मामा, टोप पांढरा झाला. सगळा. रेघ एका केसाची होती, ती जाऊन अख्ख्या टोपाला मोतीबिंदू झाला. आई म्हणाली, "गेलं पोरी, कोंडाजी जीव घेईल." मला ठाऊक होतं. घड्याळाच्या काचेचं असंच होतं. आधी बिघडतं तेव्हाच सुधरायला लागतं.

मग पांढरं दंतमंजन, पाण्यात कालवून, सुती फडक्यावर. दोन दिवस. मग पितळेचं पॉलिश, करंगळीच्या शेंड्यानं, थेंबभर. आणखी तीन दिवस. बोट तापलं तर थांबायचं, प्लॅस्टिक तापलं की आतून तडकतं.

काल दुपारी टोप धुवून आबांच्या टेबलावर कागदावर ठेवला आणि पाणी प्यायला गेले. आले तर आबा सगळं टेबल चाचपत होते. म्हणाले, "कुठं ठेवलास गं?" त्यांचं बोट त्याच्यावरच होतं.

खूण केलीय. खालच्या कडेला, आतल्या बाजूनं. टोप बंद करून कडेवर रंगाची पट्टी मारली की झाकली जाईल. आणि झटपट चिकटणारा डिंक टोपाजवळ आणू नका. त्याच्या वाफेनं काच धुरकट होते. साधा पांढरा डिंक लावा. हे अक्षर मुद्दाम मोठं काढलंय.

सरिता


ओझर,
१० सप्टेंबर १९९८

चि. सरिता,

टोप पोचला. ठीक आहे. माझ्या सूचना नीट पाळल्या तर असेच चांगले काम होते.

मात्र एक अडचण झाली आहे. पूर्वी त्या रेघेमुळे आणि धुरकटपणामुळे आतले स्पष्ट दिसत नव्हते. आता सगळेच दिसते. पायलटचा एक डोळा कपाळावर आहे. खुर्चीवर माझ्या अंगठ्याचा ठसा उमटला आहे. समोरच्या यंत्रांच्या पाटीवर डिंकाचा गोळा आहे. इतके साफ करायला मी सांगितले नव्हते. माणसाने प्रमाणात राहावे.

आता आतले सगळे मला पुन्हा करावे लागणार. मामी मदत करते म्हणते, पण हे बायकांचे काम नव्हे.

आणखी एक. प्रदर्शनाचे नियम आले. त्यात छापले आहे, 'सर्व काम स्पर्धकाच्या स्वतःच्या हातचे असावे.' तेव्हा कार्डावर दोन नावे नियमात कशी बसतील ते बघावे लागेल. मी बघतोच आहे.

मामा


नांदगाव,
२० सप्टेंबर ९८

मामा,

तुम्ही काच साफ करायला पाठवली, मी केली. पलीकडचं दिसायला लागलं त्यात काचेचा काय गुन्हा? आमच्याकडं लोक येतात, म्हणतात काच साफ करून दे, दिसत नाय. करून दिली की म्हणतात, अरे, काटा वाकडा हाय की! वाकडा तो आधीपासूनच असतो.

पायलटला मोठा काळा चष्मा रंगवा, डोळा झाकंल.

'नियमात बसत नाही' हे वाचून मी हिशोब करून बघितला. जूनमधे तुम्ही शब्द दिला तेव्हा नियम नव्हते, सप्टेंबरमधे आले. म्हणजे नियम येईपर्यंतच शब्द चालतो का? मी रेघ काढायला घेतली होती मामा, स्वतःचं नाव नाय.

तुम्हाला दोन नावं जड वाटत असतील तर दुसऱ्या वर्गात द्या, 'दोघांनी मिळून' असा काही वर्ग असंलच. नसला तर बक्षीस नका घेऊ, नुसतं मांडा. शेठनं कार्ड वाचलं की माझं काम झालं. मला ढाल नको. ढालीला आमच्याकडं खुंटीबी नाय.

सटाण्याहून एक स्थळ येणार हाय. मुलाचा कांद्याचा व्यापार हाय म्हणे.

सरिता


ओझर,
१० ऑक्टोबर १९९८

चि. सरिता,

कार्ड छापून आले. जागा कमी असल्याने एकच नाव बसले. मनाला लावून घेऊ नकोस. पुढच्या वर्षी मोठे कार्ड घेऊ. शेठना मी तोंडी सांगेन की भाची आहे, होतकरू आहे.

पायलट आता सुंदर झाला आहे. इतका की टोप बंद न करता डब्याच्या झाकणासारखा उघडा ठेवणार आहे. सगळ्यांना आतले काम दिसले पाहिजे.

आबांचे मलमल सापडत नाही.

दिवाळीच्या शुभेच्छा.

मामा


नांदगाव,
८ नोव्हेंबर ९८

मामा,

दिवाळी झाली. दुकान बंद झालं. आबांनी पाटी उतरवली आणि माझ्या हातात सुई दिली, म्हणाले ठेव.

सटाण्याचे लोक येऊन गेले. सहा माणसं, आणि मुलाची आत्या. तिनं विचारलं, "नाव काय मुली?" मी उभी राहिले. तुम्हाला ठाऊकच हाय मी कशी उभी राहते. पोहे गार झाले. मग आत्या आईला म्हणाली, "बोलता येतं ना हिला?" मुलगा म्हणाला, "नसंल येत तर बरंच की." आणि सगळे हसले. त्यांना मी पसंत हाय. जानेवारीत परत येतो म्हणाले.

तुम्ही शेठना तोंडी सांगणार. तोंडावर माझा विश्वास नाय, स्वतःच्याबी नाय.

टोप उघडा ठेवायचा म्हणता. ठेवा. मी जुलैमधे बंद करा म्हणून लिहिलं होतं, तेबी पत्र तुम्ही सवडीनं वाचायला ठेवलं असंल. सवड झाली नसंल.

सरिता


ओझर,
१४ डिसेंबर

सरिता बाई, तुझ्या फुलाबाईमामीचा आशीर्वाद.

मी कधी पत्र लिहीत नाय. पण हे घडलं ते फोनवर सांगायला लागले तर हसूच येतंय, आणि तुझे मामा पलीकडच्या खोलीत पांघरूण घेऊन पडलेत. तीन दिवस झाले, गोळ्या नाय, औषध नाय, अपमान झालाय म्हणतात. जेवतात मात्र दोन टाइम.

ऐक. प्रदर्शन मोठं झालं. टेबलं मांडलेली, गाड्या, जहाजं, विमानं. आपलं विमान मधे. टोप उघडा. येणारा जाणारा म्हणायचा, काच बसवायची राहिली का? मामा म्हणायचे, हात लावून बघा. आणि मिशीवरून हात. आत पायलट कसला देखणा! त्याचे डोळे मी काढले, रांगोळीच्या काडीनं. 'बायकांचं काम नव्हे' म्हणून महिनाभर ऐकवलं आणि शेवटी रंगाची डबी माझ्यापुढं सरकवली.

मग मुझफ्फर शेठ आले. साधा माणूस, शर्टाला डिंकाचे डाग. डोळ्याला भिंग लावून बघायला लागले. पंख बघून पुढं सरकले. टोपापाशी आले आणि थांबले. चिमट्यानं अलगद उचलला, उजेडात फिरवला. म्हणाले, "याला रेघ असते. सगळ्या पेट्यांत असते. निम्मे लोक तशीच ठेवतात. तुम्ही काढलीत?" मामा म्हणाले, "मीच." "कशी काढली?" मामा म्हणाले, "गोल गोल घासून. जोर लावायचा."

शेठनी भिंग कडेवर नेलं. म्हणाले, "आणि हे काय लिहिलंय?" मामांनी चष्मा लावला, वाकले, दिसलं तर काहीच नाय. पण माणूस गप्प बसंल तर ना! म्हणाले, "तो रशियन पार्ट नंबर आहे. खऱ्या विमानालाही असतो. आमच्या कारखान्यात आम्ही रोज बघायचो."

शेठ मोठ्यानं वाचायला लागले. "नां. स. २५-७-९८." म्हणाले, "कोंडाजीराव, रशियात मराठी शाळा कधी निघाली हो?"

पोरी, सगळा हॉल हसला. कॉलेजची पोरं तर खाली बसली. मामा म्हणाले, हे साच्यातच आलंय. शेठनी खिशातून तसलाच एक बारका तुकडा काढला, कागद काढला, म्हणाले, "बसा, दाखवा." मामा घासायला बसले. गोल गोल. दोन मिनिटांत त्या तुकड्याचा साबुदाणा झाला.

मग माझ्यानं राहवेना. मी काय सभेत बोलणारी बाई नाय. पण म्हटलं, "साहेब, नां म्हणजे नांदगाव. स म्हणजे आमची भाची. घड्याळजीची पोर हाय, त्यांच्यात खूण करायची रीत हाय. आणि पायलटचे डोळे मी काढलेत, तेबी लिहून घ्या." तिथल्या तिथं कार्ड उचललं गेलं. बक्षीस एका पोराच्या जहाजाला मिळालं.

शेठनी निघताना मला हाक मारली. एक काडेपेटी दिली. म्हणाले, "यात टोप आहे, रेघेसकट. पोरीला पाठवा. रेघ काढून, कशी काढली ते लिहून घेऊन ये म्हणावं. आणि खूण करायला विसरू नको म्हणावं."

सोबत ती पाठवतेय. आबांचं मलमलबी पाठवतेय. मामांच्या चष्म्याच्या डबीत होतं. ते त्यानं चष्मा पुसत होते, तरी काय दिसलं नाय बघ.

मामी


ओझर,
१६ डिसेंबर १९९८

सरिता,

आशीर्वाद लिहीत नाही.

तू हे मुद्दाम केलेस. माझ्या पाठीमागे, माझ्याच वस्तूवर, सुईने नाव कोरलेस. अठ्ठावीस वर्षे विमानात घालवलेल्या माणसाला तू कॉलेजच्या पोरांसमोर हास्यास्पद केलेस. तुझ्या मामीलाही फितवलेस.

तुला वाटत असेल आता शेठ तुला डोक्यावर घेतील. मी स्वतः सातपूरला जाऊन सांगणार आहे की ही मुलगी शाळा सोडलेली आहे, चार माणसांत हिला स्वतःचे नाव सांगता येत नाही. गिऱ्हाईक आले तर ही खांबासारखी उभी राहील. बघू मग कोण ठेवते. सटाण्याचे स्थळ चांगले आहे. जानेवारीत ते येतील तेव्हा निमूट हो म्हण. म्हणजे मान हलव, तेवढे तुला येते.

कोंडाजी


नांदगाव,
२० जानेवारी ९९

मामा,

आशीर्वाद तुम्ही नाय दिला तरी मी नमस्कार करते.

मुद्दाम केलं का विचारता. नाय. हात आपोआप गेला, घड्याळाला जातो तसा. जूनमधे लिहून कळवलं होतं, जुलैमधे परत लिहिलं होतं. तुम्ही माझ्या पत्रात फक्त तुमचं नाव कुठं आलंय तेवढं बघता. पण तुमचं हे पत्र वाचल्यापासून मला वाटायला लागलंय की मुद्दाम केलं असतं तर बरं झालं असतं.

तुम्ही सातपूरला गेले का? नसतील गेले तर त्रास घेऊ नका. मीच जाऊन आले. सोमवारी, आबांबरोबर, सकाळच्या यष्टीनं.

शेठचं वर्कशॉप म्हणजे पत्र्याची मोठी शेड. आत पाच-सहा मशीनं, करवती, ड्रिल, सगळी एकदम चालू. मी दारात उभी राहिले. शेठ समोर येऊन काहीतरी बोलले. त्यांचे नुसते ओठ हलताना दिसले. मी काडेपेटी पुढं केली. त्यांनी उघडली आणि बोटानं चाचपायला लागले, आबांसारखंच. मग हसले. मग कडेवर भिंग लावलं आणि खूण वाचली. मी कशी काढली ते चार पानं लिहून नेलं होतं. सगळं वाचलं, उभ्या उभ्या. सवड काढून. दंतमंजनापाशी मान हलवली.

आबा मधे पडले. कानाशी ओरडून म्हणाले, "शेठ, पोरगी गुणाची हाय, फक्त समोर बोलत नाय." शेठनी हात फिरवून सगळी शेड दाखवली आणि ओरडले, "इथं कोण कोणाचं ऐकतंय?"

मग पाटी दाखवली. तिथं सगळे एकमेकांना पाटीवर खडूनं लिहून दाखवतात. मामा, जगात माझ्यासाठी एक जागा होती आणि ती सातपूरला पत्र्याच्या शेडमधे होती. ती सापडावी म्हणून तुम्ही खोटं बोलले, हे तुमचे उपकार.

सटाण्याला आबांनी नकार कळवलाय. मुलाच्या आत्याचा निरोप आला, "मुलीला तोंड फुटलं वाटतं." आबा म्हणाले, तोंड नाय, काम.

आता एक गोष्ट, जी मला मार्चपासून ठाऊक हाय. तुमचं रिटायरमेंटचं घड्याळ माझ्या हातात आलं तेव्हा मी ते आधी उलटं केलं. घड्याळजी कायम आधी उलटं करतो. मागं कोरलंय, 'श्री. कोंडाजी यांस, सप्रेम भेट, कॅन्टीन विभाग.' मनगटाच्या बाजूला असतं, म्हणून तुम्ही कधी बघत नसाल. म्हणून पातेल्याचं लिहिलं होतं. म्हणून आई हसत होती.

कॅन्टीनला मी हसले नाय मामा. आई सांगते, तुम्ही एका वेळी आठशे माणसांचा चहा काढायचे आणि एकाचाबी फिका नसायचा. पाळी सुटायच्या आत सगळ्यांच्या हातात कप. हे कोणी कार्डावर छापलं असतं तर मी नांदगावहून वाचायला आले असते. पण तुम्ही ते खरडून काढलं, आणि रेघ काढायला तुम्हाला येत नाय. बघा ना, सगळं पांढरं झालं.

घड्याळाचं झाकण आतून बघायचं असलं तर उघडून आणा. तिथं माझीबी खूण हाय, ८-३-९८. तुमच्या कॅन्टीनच्या बरोबर पाठीमागं. एका पत्र्याच्या दोन बाजू.

एक तारखेपासून कामाला ये म्हणालेत. ओझरहून सातपूरला जायला सोपं पडंल, म्हणून मामीनं तुमच्याकडंच राहायला बोलावलंय. पलीकडची खोली रिकामी करून ठेवते म्हणाली. तुम्ही पांघरूण घेऊन पडले होते ती.

तुम्ही घाबरू नका. तुम्हाला ठाऊकच हाय, मी समोर एक शब्द बोलत नाय. सकाळी तुमच्या हातचा चहा पिईन आणि जाईन.

वही आणि पेन मात्र माझं मी घेऊन येतेय.

सरिता